टोकाचा वॉल्व आधी

मला आभार मानता येत नाहीत. शिव्या येतात, भरपूर येतात. एकतीस वर्षं मी ग्रामपंचायतीत वॉल्वमन होतो, म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस. पहाटे विहिरीवरची मोटर चालू करायची, टाकी भरायची, मग कमरेएवढी लांब लोखंडी चावी घेऊन एकेका आळीचा वॉल्व उघडायचा आणि वेळ झाली की बंद करायचा. पाणी आलं तर कुणी तुमचं नावही काढत नाही, आणि नाही आलं तर सात पिढ्यांचा उद्धार होतो. अशा नोकरीत माणूस गोड बोलायला शिकेल कुठून? तरी आज मी एका बाईचे आभार मानायला बसलोय. तिला मी पाहिलेलंसुद्धा नाही.

झालं असं, की माझी लेक यामिनी म्युनिकला पीएच.डी. करत होती. पाच वर्षं. विषय काय, तर खेड्यातली नळयोजना बांधून झाल्यावर टिकत का नाही. मी म्हटलं, "हे मला विचारलं असतंस तर पाच मिनिटांत सांगितलं असतं, त्याला जर्मनी कशाला हवी?" त्यावर ती हसली, पण ते हसणं काही मला बरं वाटलं नाही. जूनमध्ये तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपेना. म्हणून मी, रामदास, वय वर्षं त्रेसष्ट, एकटाच विमानात बसलो.

तिथे पोचल्या पोचल्या माझं डोकं फिरलं. यामिनीच्या घरी नळाला चोवीस तास पाणी, तेही सरळ ओंजळ लावून पिण्याजोगं. आणि खालच्या दुकानातून लोक बुडबुड्यांच्या पाण्याच्या बाटल्या सहा-सहाच्या गठ्ठ्यानं उचलून जिने चढत होते! "यांना काय खूळ लागलंय का गं?" मी विचारलं. "गेनाऊ बाबा, खूळच आहे," यामिनी म्हणाली. तिथे कशालाही हो म्हणायचं असलं की ती आता गेनाऊ म्हणते.

पण खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी तो नळ पाच वेळा उघडला आणि बंद केला. या नळाच्या मागे कुठेतरी एक माणूस असणार. चावी नसेल त्याच्या हातात, बटण असेल. पण पहाटे उठत असणार, आणि त्याला कुणी ओळखत नसणार. त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात जय भीम घातला आणि पेलाभर पाणी प्यायलो.

परीक्षा शुक्रवारी होती. बुधवारी दुपारी यामिनी म्हणाली, "बाबा, बसा समोर. एकदा तुम्हाला मराठीत सांगून बघते, म्हणजे माझी भीड चेपेल." लॅपटॉपवर एकेक चित्र दाखवत ती बोलायला लागली. आपल्याकडची छत्तीस गावं तिनं अभ्यासाला घेतली होती. छत्तीसही गावांत नळयोजना झालेली. त्यातल्या पस्तीस योजनांनी तीन-चार वर्षांत मान टाकलेली. कुठे मोटर जळली ती जळलीच, कुठे टोकाच्या वस्तीपर्यंत पाणी पोचेना म्हणून लोकांनी मधेच पाइप फोडून घेतलेला. फक्त एक गाव अकरा वर्षं धडधाकट चाललं होतं. त्याचं नाव कोनवडी. ते का चाललं? यामिनीचं म्हणणं, तिथली टाकी उंचावर आहे आणि पाइप चांगल्या प्रतीचा आहे. दोनशे पानांचं बाड तिनं लिहिलं होतं, आणि परीक्षकांनी ते वाचून चांगला शेरा दिला होता. मीही मान डोलवत होतो. लेकीचं कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मग एक फोटो आला. कोनवडीत रोज कुठल्या वस्तीला किती मिनिटं पाणी सोडलं, त्या वहीचं पान होतं ते. शेजारी यामिनीनं त्यावरून केलेला तक्ता.

"थांब जरा," मी म्हटलं. "हे तू उलटं केलंयस."

वहीतली पहिली ओळ होती, 'माळवस्ती, चाळीस मिनिटं, हवा'. शेवटची ओळ, 'टाकीआळी, तीस मिनिटं'. यामिनीच्या तक्त्यात टाकीआळी सगळ्यांत वर आणि माळवस्ती तळाला.

"उलटं नाही बाबा, सुलटं केलंय. वही लिहिणाऱ्यानं खालून वर लिहिलंय. माळवस्ती गावाबाहेर आहे, टाकीपासून दीड किलोमीटरवर. टोकाच्या वस्तीला आधी पाणी कोण सोडतं?"

"खालून वर लिहितात असं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

"आणि ही हवा?"

"पाइपातली हवा. टोकाला पाणी धड पोचत नाही, म्हणून हवा येते."

मी हातातला कप खाली ठेवला. "अगं बाई, पाइप रात्रभर रिकामा असतो. सकाळी पहिला वॉल्व उघडला की सगळी हवा आधी फुसफुसत बाहेर पडते आणि मग पाणी येतं. टाकीआळी पहिली असती, तर हवा तिच्या नावापुढे असती. बघ पुढची पानं. आहे का एकदा तरी?"

तिनं पानं पुढे ढकलली. दहा, वीस, चाळीस. रोज माळवस्ती, रोज हवा. टाकीआळीपुढे एकदासुद्धा नाही. यामिनीचा हात थांबला.

तिचा चेहरा उतरला, आणि मग ती भडकली. राग तिला माझ्याकडूनच आलाय, वाटणीत दुसरं काही द्यायला माझ्याकडे नव्हतं. "परवा परीक्षा आहे बाबा! बाड देऊन झालंय, सगळ्यांनी वाचलंय. आता त्यांच्यासमोर उभी राहून सांगू, की माझं चौथं प्रकरण चुकलंय? मी गावाचा हिशेबच उलटा मांडला म्हणून? नापास केलं तर? पाच वर्षं गेली माझी. व्हिसा आहे, पुढची नोकरी याच्यावर ठरलीय!"

मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाली, "आणि तुम्ही मला शिकवताय? तुम्ही एकतीस वर्षं आपल्याच वस्तीला शेवटी पाणी सोडलंत. आई घागर लावून बसायची आणि नळाला नुसता वारा. वॉल्वमनची बायको, आणि दुसऱ्याच्या विहिरीवर पाण्याला! म्हणून मी ते उलटं केलं. एखाद्या जर्मन पोरीनं वहीत दिसलं तसं उतरवून घेतलं असतं. मला मात्र खात्रीच होती, की टोकाला आधी पाणी कुणी सोडतच नाही."

 मी चप्पल घातली आणि खाली उतरलो. जवळच नदीकाठ आहे, तिथल्या बाकावर जाऊन बसलो.

तुम्हाला वाटेल, सरपंचानं दम दिला असेल. छे! मला कधी कुणी तसं सांगितलंसुद्धा नव्हतं. माझ्या आधीचा वॉल्वमन टाकीजवळच्या आळीपासून सुरुवात करायचा, म्हणून मीही केली. टोकाला आमचं भीमनगर. तिथे पोचेपर्यंत टाकी तळाला गेलेली असायची. कधीमधी मनात यायचं, की एक दिवस टोकापासून सुरू करून बघावं. पण लगेच वाटायचं, लोक म्हणतील, बघा, आपल्या माणसांना आधी पाणी देतो. सबब खोटी नव्हती, लोक तसं म्हणालेच असते. पण सबबच होती ती. कुसुमनं एकतीस वर्षांत एकदाही तोंडावर काही म्हटलं नाही, आणि तिला चालतंय, असं मी सोयीनं धरून चाललो.

तासाभरानं वर गेलो. यामिनी टेबलावर डोकं टेकून बसली होती. मी म्हटलं, "परीक्षेत काय सांगायचं ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही. पण ती वही लिहिणाऱ्या माणसाशी एकदा बोल तरी. भेटली होतीस ना त्याला?"

"नाही," ती म्हणाली. "मी गेले तेव्हा ती बाई लग्नाला गेली होती. ग्रामसेवकांनी वहीचे फोटो काढू दिले. प्रभाबाई म्हणून कुणी आहे."

बाई! एवढ्या वर्षांत मी बाई वॉल्वमन पाहिली नव्हती. यामिनीनं ग्रामसेवकांना मेसेज टाकून नंबर मागवला, आणि गुरुवारी सकाळी आम्ही फोन लावला. आपल्याकडे तेव्हा साडेदहा वाजले होते, म्हणजे वॉल्वमनची पहिली पाळी संपून भाकरीची वेळ. यामिनीनं फोन टेबलावर ठेवला, दोघांना ऐकू येईल असा.

"माळवस्तीला आधीच सोडते की," प्रभाबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत. "अकरा वर्षं झाली. का, कुणी तक्रार केली का?"

"नाही ओ ताई, तक्रार नाही," यामिनी म्हणाली. " आधी का सोडता, तेवढं सांगा."

"त्यात काय सांगायचं! माझे मालक वॉल्वमन होते. ते वारल्यावर पंचायतीनं मला घेतलं. नवी होते, गोंधळायचे. पहिल्याच महिन्यात माळवस्तीचा वॉल्व उघडायचा राहून गेला. एक दिवस नव्हे, चार दिवस! आणि बाई, कुणी सांगायला आलं नाही. पाचव्या दिवशी मलाच आठवलं. धावत गेले, तर तिथल्या बायका म्हणाल्या, आम्हाला वाटलं आता असंच असेल. माझ्या काळजात चर्र झालं. टाकीआळीचं पाणी दहा मिनिटं लांबलं तरी माझ्या दाराची कडी वाजते. मी राहते तिथेच ना. मग मी ठरवलं, जे ओरडतात त्यांचं विसरलं तर ते आठवण करतील. जे गप्प बसतात त्यांचं विसरलं तर कोण करणार? म्हणून गप्प बसणाऱ्यांचं आधी उरकायचं. मग डोक्याला ताप नाही."

यामिनी लिहून घेत होती. तिनं विचारलं, "आणि टाकीआळीतले लोक? त्यांना चाललं?"

"चालतंय कसलं! वर्षभर ओरडले. माझी सासूसुद्धा त्यात. मी म्हटलं, ही घ्या चावी, उद्यापासून पहाटे पाचला तुम्ही उठा. कोण उठतंय!" प्रभाबाई मोठ्यानं हसल्या. "पण एक बरं झालं बघा. आधी मोटर बिघडली की आठ-आठ दिवस पडून राहायची, कारण मोठ्या घरांची पिंपं भरलेली असायची. आता लाइन कुठेही गळली, मोटर जरा दमली, तरी पाणी कमी पडतं ते शेवटच्यांना. आणि शेवटी कोण? सरपंच, सोसायटीचा चेअरमन, दूधडेअरीवाले. दुपारपर्यंत मेकॅनिक हजर! मला कुणाच्या पाया पडावं लागत नाही."

मी आणि यामिनीनं एकमेकांकडे पाहिलं. दोनशे पानांत जे सापडलं नव्हतं, ते त्या बाईनं भाकरी खाता खाता सांगून टाकलं होतं. ज्यांचं गावात चालतं त्यांना शेवटी पाणी दिलं, म्हणून ती योजना अकरा वर्षं कुणी बंद पडू दिली नव्हती. आणि यामिनीनं तेवढीच एक गोष्ट तक्त्यातून पुसून टाकली होती.

फोन ठेवताना मला फार बोलावंसं वाटलं. प्रभाबाई, मीही वॉल्वमन होतो, तुमच्याएवढी हिंमत मला झाली नाही, असं काहीतरी. पण "काळजी घ्या ताई," एवढंच म्हटलं.

यामिनी दिवसभर टेबलापासून उठली नाही. तक्ता पुन्हा मांडला, चित्रं बदलली. मी वरणभात केला, तो तिनं एका हातानं खाल्ला. संध्याकाळी तिनं आपल्या प्राध्यापकबाईंना लिहून कळवलं, की माझ्या प्रबंधात चूक आहे आणि ती मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. पाठवायचं बटण दाबताना तिनं माझा हात धरला होता. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची, अगदी तसाच घट्ट.

शुक्रवारी इंगोलश्टाटहून अश्वजित आला. हा नागपूरचा, तिथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, यामिनीला भाऊ मानतो. मला इंग्रजी कळणार नाही म्हणून पोरानं रजा टाकली आणि सकाळची गाडी पकडून आला. असल्या माणसांचे उपकार कसे फेडायचे, मला ठाऊक नाही. शेवटच्या रांगेत माझ्या कानाशी बसून तो सगळं मराठीत सांगत राहिला.

समोर तीन परीक्षक बसले होते. मधोमध पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकबाई. यामिनीनं पहिल्याच वाक्यात सांगितलं, की चौथं प्रकरण चुकलंय, का चुकलंय आणि बरोबर काय आहे.  एक टकला परीक्षक म्हणाला, "एका गावावरून काहीही सिद्ध होत नाही."

"मान्य आहे," यामिनी म्हणाली. "पण छत्तीसमधलं तेच एक गाव वेगळं होतं, आणि ते मी इतरांसारखं करून ठेवलं होतं."

मग प्राध्यापकबाईंनी विचारलं, "वहीत स्पष्ट लिहिलेलं असताना तुम्ही क्रम बदललात का?"

 मला वाटलं, आता यामिनी काहीतरी शास्त्रीय सांगून वेळ मारून नेईल. पण तिचं उत्तर अश्वजितनं माझ्या कानात सांगितलं ते असं. "माझे वडील आमच्या गावचे वॉल्वमन होते. आमची वस्ती टोकाला होती आणि आम्हाला पाणी शेवटी मिळायचं, बहुतेक वेळा मिळायचंच नाही. मला ते पावसापाण्याइतकं नैसर्गिक वाटत होतं. इतकं, की एका बाईनं ते रोज स्वतःच्या हातानं बदलल्याचं लिहून ठेवलं होतं, तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ही चूक मोजणीची नाही, माझी आहे. आणि ती माझ्या वडिलांनीच दाखवून दिली. ते मागे बसले आहेत."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. अश्वजितनं नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

आम्हाला बाहेर काढलं आणि परीक्षक आत बसले. वीस मिनिटं मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. माझ्यामुळे पोरीची पाच वर्षं पाण्यात गेली असती, तर कुसुमला काय तोंड दाखवणार होतो? शेवटी दार उघडलं. पास! छापण्याआधी चौथं प्रकरण नव्यानं लिहायचं, एवढीच अट. माझा जीव भांड्यात पडला. तिच्या प्रयोगशाळेतल्या पोरांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे पुठ्ठ्याची मोठी टोपी करून आणली होती, वर इवलीशी टाकी आणि एक नळ चिकटवलेला. ती टोपी घालून माझी लेक हसत होती आणि रडतही होती.

गडबड ओसरल्यावर प्राध्यापकबाई अश्वजितला घेऊन माझ्यापाशी आल्या. हातात हात घेतला आणि विचारलं, "तुमच्या गावात हे चाललं असतं का?"

खोटं बोलायला फार सोपं होतं. आमचं गाव वेगळं, माणसं वेगळी, काहीही सांगता आलं असतं. यामिनी बाजूलाच उभी होती.

"चाललं असतं," मी म्हटलं. "चावी माझ्याच हातात होती. मी घाबरलो."

अश्वजितनं ते इंग्रजीत सांगितलं की नाही, मला माहीत नाही. यामिनी पुढे आली, टोपीसकट माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि म्हणाली, "बाबा, आईला फोन करा. मी नाही, तुम्ही सांगा."

खिडकीपाशी जाऊन मी कुसुमला फोन लावला. पोरगी पास झाली म्हणून सांगितलं. ती रडली. मग मी प्रभाबाईंचं सगळं सांगितलं, गप्प बसणाऱ्यांचं आधी, आणि सरपंच शेवटी. आणि मग जे एकतीस वर्षं बोललो नव्हतो ते बोललो. "कुसुम, माझं चुकलं. तू दुसऱ्याच्या विहिरीवर जात होतीस आणि वॉल्व माझ्या हातात होता."

 

"अहो," कुसुम म्हणाली, "एवढं कळायला तुम्हाला जर्मनीला जावं लागलं?"

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, "हो. जावं लागलं."

"बरं. आता त्या प्रभाबाईंचा नंबर मला पाठवा."

"कशाला?"

"भीमनगरला आजही शेवटीच पाणी येतंय. तुम्ही रिटायर झालात म्हणून काही बदललं नाही इथे. आता जो नवा वॉल्वमन आहे ना, त्याला घरी बोलावते, चहा पाजते आणि त्या बाईंशी बोलायला लावते. तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात, मीही राहिले. आता पुरे झालं." मग जरा थांबून म्हणाली, "पाठवा लगेच. पहाटेच्या पाण्याआधी बोलायला हवं."